माती पाच वर्षांची, मक्ता एका वर्षाचा

मृग लागायच्या आधी नागपुरात दरवर्षी एक हंगाम येऊन जातो, प्रशिक्षणांचा. उमरेड, काटोल, कुहीकडून गाड्या भरून शेतकरी आणायचे, वर्धा रोडवरच्या एखाद्या थंडगार सभागृहात बसवायचे, टोपी आणि पिशवी द्यायची, पडद्यावर गांडुळाचा हातभर फोटो दाखवायचा, ‘सेंद्रिय कर्ब वाढवा, खर्च घटवा, नफा वाढवा’ असं सांगायचं आणि पुरी-भाजी-बुंदी खाऊ घालून संध्याकाळी परत सोडायचं. अशा शेतीला पूर्वी सेंद्रिय म्हणत, मग नैसर्गिक म्हणू लागले, आता ‘रीजनरेटिव्ह’, म्हणजे पुनरुत्पादक शेती म्हणतात. त्यापाठोपाठ दुसरा हंगाम येतो, वादाचा. एका बाजूला रासायनिक खत हे विष आहे म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘खत बंद केल्यावर श्रीलंकेचं काय झालं ते पाहा’ म्हणणारे. दोघांच्या तलवारी उपसलेल्या असतात, पण नीट ऐकलं तर एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत असतं. शेतकऱ्याला कळत नाही, त्याला शिकवलं पाहिजे. भांडण फक्त काय शिकवायचं यावर. माझा आक्षेप या एकमतावरच आहे.

मातीचं शिक्षण हवं, याबद्दल मला शंका नाही. पण आपल्या भागात गाडं अडतं ते ज्ञानापाशी कमी आणि मुदतीपाशी जास्त. माती सुधारायला पाच-सात वर्षं लागतात. कसणाऱ्याचा हिशोब पाडवा ते पाडवा चालतो. या दोन मुदतींमधलं अंतर ज्या प्रशिक्षणाने विचारातच घेतलं नाही, ते कितीही शास्त्रशुद्ध असो, बुंदीबरोबर पचून जातं.

हे मला आमच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून कळलं, आणि त्यात माझी काही शोभा नाही. उमरेड तालुक्यात आमची सहा एकर काळी जमीन आहे. वडील गेल्यावर आम्ही दोघं भाऊ नागपूरला राहिलो आणि वावर मक्त्याने, म्हणजे ठरल्या रकमेवर वर्षभर कसायला, देऊ लागलो. करणारा माणूस गावातलाच. त्याची स्वतःची दोन एकर आमच्या वावराला लागून आहे, मध्ये फक्त धुरा. गेल्या मार्चअखेरीला हरभरा निघाल्यावर मी गेलो होतो. त्याच्या दोन एकरांत फावडं मारलं तर ते सहज आत गेलं. माती हातात घेतली तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कणांत सुटली, तुरीचा कुजका पाला दिसला, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसल्या. चार पावलं ओलांडून आमच्या वावरात तेच फावडं मारलं तर थाळीएवढं ढेकूळ उपटून आलं. शेजारच्या भेगेत माझं मनगट गेलं. माणूस तोच, बैलजोडी तीच, पाऊस तोच, आणि प्रशिक्षणही तेच: त्याने दोन शिबिरं केली आहेत, त्यातल्या एकाच्या पिशवीत तो अजून डबा नेतो. मी विचारलं, खत इकडं का नाही टाकलं? तो हसला. “भाऊ, खत टाकलं त तीन साल पुरते जी. अन वावर पुढच्या साली माह्याकडं राहीन का नाही हे तुमालेच माहीत नाई, त मले कुठून माहीत राहीन?”

एका डोक्यात एकच ज्ञान, आणि धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन माती. कोणत्या सभागृहातल्या कोणत्या स्लाइडने हा फरक मिटणार होता?

आता समोरच्यांची बाजू, आणि ती लेचीपेची नाही. पहिली गोष्ट, अज्ञान असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधं एकत्र कालवणं, उघड्या अंगाने डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारणं, हे सगळं तिथं घडलं. नीट शिकवलं असतं तर त्यातले काही जीव वाचले असते. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटली जाते. ती पेटीत सातबाऱ्याखाली पडून राहते आणि युरिया पानाच्या रंगाकडं पाहून पडतो, हेही मी पाहिलेलं आहे. आणि शिकवल्याने फरक पडतो याचा जगातला ठळक दाखला इंडोनेशियाचा. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हैराण झालेल्या त्या सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू केल्या. शेतकरी हंगामभर दर आठवड्याला बांधावर जमायचे, किडी मोजायचे, मित्रकिडी ओळखायचे, आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवायचे. फवारण्या घटल्या. पण याच शाळांबद्दल पुढच्या मूल्यमापनांत आढळलं की जो बसला तो शिकला. शेजाऱ्यापर्यंत ते फारसं झिरपलं नाही. हंगामभर चाललेल्या शाळेची ही गत, तर आपल्या एका दिवसाच्या शिबिराची काय असेल?

दुसरा आक्षेप रसायनवाल्यांचा, आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. पीक जमिनीतून जे उचलतं ते परत द्यावंच लागतं. भावनेने नत्र तयार होत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतं आणि ती गोणी अनुदानामुळं २६६ रुपयांना मिळते. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर, शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं, चार टन खत लागतं, म्हणजे ट्रॅक्टरच्या जवळपास दोन ट्रॉल्या. त्या भरायला, वाहायला, पसरवायला मजूर लागतात. आणि मुळात शेण कुठं आहे? श्रीलंकेने २०२१च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, नोव्हेंबरमध्ये तो निर्णय गुंडाळावा लागला. मधल्या काळात भात आणि चहा दोन्ही कोसळले. हे खरंच घडलं आहे आणि ज्यांना नैसर्गिक शेतीबद्दल आस्था आहे त्यांनी ते नाकारू नये.

मात्र श्रीलंकेकडून शिकायचं काय? तिथले शेतकरी अडाणी होते म्हणून ते फसलं नाही. बदलाला जो वेळ लागतो तो त्यांना मिळाला नाही, आणि त्या मधल्या काळातलं नुकसान कोण सोसणार याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर पडलं. आपण हुकूम काढत नाही, शिबिर घेतो, एवढाच फरक. नुकसान कुणाच्या अंगावर पडायचं, ते आपल्याकडंही ठरलेलंच आहे.

शेण कुठं आहे हा प्रश्न मी वर सहज टाकला, पण सगळी गोम तिथंच आहे. आमच्या लहानपणी वावरात ज्वारी असायची. ज्वारीचा कडबा व्हायचा, कडब्यावर गुरं जगायची, गुरांचं शेण उकिरड्यात कुजायचं आणि उन्हाळ्यात बंडीने वावरात जायचं. मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत हाती पैसा, पाखरं राखायची कटकट नाही, रब्बीला हरभरा घ्यायला वावर मोकळं. कोण नाही म्हणणार? पण सोयाबीनचं कुटार म्हणजे कडबा नव्हे. कडबा संपला तशी गुरं कमी झाली, गुरं गेली तशी बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, उकिरडा रिकामा झाला आणि ती पोकळी गोणीने भरली. या साखळीतल्या एकाही कडीवर शेतकरी चुकला नाही. प्रत्येक वेळी त्याने त्या वर्षाचा हिशोब बरोबरच केला. वर्षावर्षाचे बरोबर हिशोब जोडत गेलं की तीस वर्षांत जमीन कडक होते. याला अज्ञान म्हणायचं की बाजाराची शिकवण? आणि ही शिकवण अजून चालूच आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल साडेचार हजारांच्याही खाली विकला जात होता. जीवामृताने, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या घरगुती द्रावणाने, वाचलेले पैसे मोंढ्याच्या एका फेरीत जातात. मग ‘नफा वाढवा’ या स्लाइडकडं बघून मागच्या खुर्च्यांवरचे लोक हसतात, ते उगीच नाही.

हा वाद नवाही नाही. १८८९ साली इंग्रज सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा नामांकित कृषी रसायनतज्ज्ञ इकडे पाठवला, हिंदुस्थानातली शेती सुधारायची कशी हे सांगायला. अपेक्षा अशी की साहेब येईल, रयतेच्या चुका काढेल आणि तिला काय शिकवायचं त्याची यादी देईल. तो वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडला आणि १८९३च्या अहवालात भलतंच सांगून मोकळा झाला: इथला चांगला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत त्याच्याहून सरस आहे, त्याच्याकडं कमी आहे ती साधनं. शेण शेतात का जात नाही? कारण ते चुलीत जातं. चुलीत का जातं? कारण सरपण नाही. म्हणून त्याने सुचवलं की गावाजवळ सरपणासाठी झाडं राखा, म्हणजे शेण आपोआप वावरात जाईल. मातीचा प्रश्न त्याने चुलीपर्यंत नेऊन सोडला. पुढची शंभर वर्षं चूल मात्र गोवऱ्यांवरच पेटत राहिली.

त्यानंतरचा दाखला आपल्या आणखी जवळचा, इंदूरचा. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संस्थेत कंपोस्टची जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिची एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या आणि मग गुरांखाली, खड्ड्यात न्यायच्या. वेगळा खर्च नाही, वेगळी मजुरी नाही. जी गाडी जाणारच होती तिच्याकडूनच काम करून घ्यायचं. नव्वद वर्षांनंतर नागपूर जिल्ह्यात पऱ्हाटी धुऱ्यावर रचून पेटवली जाते. शेतकऱ्याला सांगा की जाळू नको, कर्ब जातो. तो मान डोलावेल. पण गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत राहते, फरदड (त्याच झाडांवरचं पुढचं पीक) घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी काढून नष्ट करा, हे कृषी विभागच सांगतो, आणि बरोबर सांगतो. काड्यांचा भुगा करणारं भाड्याचं श्रेडर गावात वेळेवर येत नाही. हरभऱ्याला वावर मोकळं हवं असतं. मग काडेपेटी उरते. इथं व्याख्यान हवं आहे की डिसेंबरमध्ये गावात उभं असलेलं एक यंत्र?

पाच-सात वर्षांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही, हिशोब कुणीही मांडून बघावा. एक एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचं वजन सुमारे आठशे टन भरतं. तिचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, ०.४ वरून ०.५ टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे त्यात आठशे किलो कर्ब टिकून राहायला हवा. काडीकचऱ्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास कर्ब असतो, आणि नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्यातला बहुतेक हवेत निघून जातो. पाचवा हिस्सा टिकला असं उदारपणे धरलं तरी एकरी दहा टन वाळला काडीकचरा लागतो. कपाशीच्या एकरातून पऱ्हाटी निघते टनभर. त्यात तुरीचा पाला, बोरू किंवा धैंच्याचं हिरवळीचं खत, मिळेल तेवढं शेण घातलं तर पाच वर्षांत तो एक दशांश टक्का पदरात पडेल. एक दशांश! आणि तेवढ्यानेही पाणी मुरायला लागतं, ढेकूळ सुटायला लागतं, हे मी धुऱ्यापलीकडं हाताने पाहिलं आहे. काम होणारं आहे, फक्त ते ज्याने केलं त्याच्याच पदरात पडेल याची हमी कुणी देत नाही.

आणि ही हमी नाही याचं कारण आम्हीच, म्हणजे नागपुरात राहून सातबाऱ्यावर नाव ठेवणारे. मक्त्याचा कागद करत नाही, कारण ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क लागेल, ही धास्ती. विदर्भासाठीचा १९५८चा कुळकायदा कुळाच्या रक्षणासाठी आला. आज त्याची भीती कुळालाच दरवर्षी उठवते. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला त्या वावरावर पीककर्ज नाही. गारपिटीची मदत येते ती सातबारावाल्याच्या खात्यात. एका वर्षी ती माझ्या खात्यात आली होती. मी त्याला दिली, पण तीन महिन्यांनी, आणि त्याने दोनदा आठवण केल्यावर. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाड्याने देण्याचा नमुना कायदा मांडला, मालकी मालकाची आणि ठरल्या मुदतीपुरता कसण्याचा हक्क कसणाऱ्याचा, दोन्ही लेखी. त्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी त्याचा शंभरावा भागही होत नाही. जीवामृतात गूळ किती घालायचा यावर मात्र रात्र-रात्र चालते.

‘मग कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. नाही. पण कोणाला काय शिकवायचं ते मुदतीवरून ठरवा. मक्त्याने करणाऱ्याला त्याच हंगामात पैसे फेडणाऱ्या गोष्टी शिकवा: सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर आपल्या चिकण काळ्या मातीत पाणी तुंबत नाही आणि ओढ पडली तर ओल टिकते, घरच्या बियाण्याची उगवण पोत्याच्या तुकड्यात शंभर दाणे ठेवून तपासता येते, बियाण्याला रायझोबियम (मुळांवर नत्र बांधणारे जिवाणू) चोळायला खर्च फार नाही, कपाशीत तुरीच्या ओळी का सोडायच्या, हे त्याच्या आजोबाला माहीत होतं. शेणखत, गिरिपुष्पाचं (पाला खताला येणाऱ्या झाडाचं) कुंपण, बांधबंदिस्ती, कमी नांगरट हे पाच वर्षांचे विषय मालकाला शिकवा. त्या थंडगार सभागृहात एकदा आम्हाला बसवा, धरमपेठ-मनीषनगरातल्या जमीनमालकांना. टोपी नको, बुंदी चालेल.

आणि मास्तर कोण? आज गावातला खरा कृषी विस्तार अधिकारी म्हणजे कृषी केंद्राचा दुकानदार. तो उधार देतो, म्हणून त्याचं ऐकलं जातं. पीक आल्यावर तो वसुलीला येतो, म्हणून त्याचं पीकही बघून होतं. नागपूर शहरात कापसाची, संत्र्याची आणि मृदा सर्वेक्षणाची अशा तीन राष्ट्रीय संस्था आहेत, शिवाय १९०६ सालचं कृषी महाविद्यालय आहे. एवढी विद्वत्ता तासाभराच्या अंतरावर असून जुलैत पानं पिवळी पडली की माणूस दुकानात जातो, कारण दुकान उघडं असतं आणि खातं चालू असतं. आंध्र प्रदेशाने २०१६ पासून जो नैसर्गिक शेतीचा कार्यक्रम चालवला त्यातली मला पटणारी गोष्ट एवढीच की तिथं शिकवणारा स्वतः शेतकरी असतो, मानधनावर असतो आणि बायकांच्या बचत गटांच्या आधाराने गावात टिकून राहतो. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानातही कृषी सखी, म्हणजे शिकवणाऱ्या गावातल्याच बाया, आहेत, हे चांगलंच. पण २,४८१ कोटी रुपयांत एक कोटी शेतकरी गाठायचे आहेत. माणशी अडीच हजारही होत नाहीत. एका खरिपाच्या निंदणाचाही खर्च त्यात निघत नाही.

एक भानगड तर कुठल्याच शिबिरात निघत नाही. जमीन उन्हाळ्यात उघडी ठेवू नका, झाकून ठेवा, असं सांगतात. शास्त्र खरं आहे. पण पाडव्यानंतर आमच्याकडं सगळ्यांची वावरं सगळ्यांच्या गुरांना मोकळी असतात, ही पिढ्यांची रीत आहे. भर एप्रिलात एकट्याचंच वावर हिरवं दिसलं तर गावातली गुरं दिवसा आणि रोही (नीलगायी) आणि डुकरं रात्री तिथंच येणार. एकटा माणूस जागल करून करून किती करेल? हे झाकण गावाने मिळून ठरवलं तरच टिकतं, ग्रामसभेत, चराई कुठं आणि कधी यावर भांडून. शेतकरी एकेकटा बोलावून, त्याच्या ‘मानसिकतेत बदल’ करून हे होत नाही. (हा शब्दप्रयोग ज्याने शोधला त्याने एकदा रात्री दोन वाजता रोह्यांच्या कळपामागं टॉर्च घेऊन धावावं.)

मी या पाडव्याला पाच वर्षांचा कागद करायचं ठरवलं होतं. मसुदा एका वकील मित्राने करून दिला: मक्ता थोडा कमी, त्या बदल्यात दरवर्षी दोन एकरांत शेणखत, पऱ्हाटी जाळायची नाही, सरकारी मदत आली तर कसणाऱ्याची. धाकट्या भावाने वाचला आणि विचारलं, “कूळ लागलं तर?” सातबाऱ्यावर नावं दोघांची आहेत. कागद त्याच्या कपाटात आहे. मक्ता नेहमीसारखा तोंडीच ठरला, आणखी एका वर्षाचा. परवा वावरात गेलो तेव्हा धुऱ्यावर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचलेल्या दिसल्या, हातभर अंतराने, सगळ्या त्याच्या बाजूला.